गोदाकाठी वाचलेला ‘ब्लू पीस’

जॉर्डन नदी एके काळी वर्षाला सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी मृत समुद्रात नेऊन सोडायची. आता तिच्या खालच्या टप्प्यातून दहा कोटी घनमीटरच्या आसपास पाणी जातं, आणि तेही धड नाही. त्यात सांडपाणी बरंच. नाशिकच्या माणसाला हे आकडे घनमीटरमध्ये सांगून उपयोग नाही. इथे पावसाळा लागला की पेपरात रोज धरणसाठ्याचा तक्ता येतो तो दशलक्ष घनफुटांत, आणि गंगापूर धरण भरलं म्हणजे ५६३०, हे तो तक्ता बघणाऱ्याला पाठ असतं. त्या मापानं आजची जॉर्डन साधारण ३५०० भरते. इस्रायली, जॉर्डनी, सीरियन आणि पॅलेस्टिनी लोक जिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले, ती नदी वर्षभर वाहून आपलं गंगापूर धरण पाऊणही भरणार नाही. पूर्वीची, भरल्या अंगाची जॉर्डन घेतली तरी ती ४६ टीएमसी. तिच्यानं पैठणचा नाथसागर निम्मासुद्धा झाला नसता.

ही आकडेमोड माझी. ती एका अहवालाच्या समासात केलेली आहे. अहवाल आहे मुंबईच्या ‘स्ट्रॅटेजिक फोरसाइट ग्रुप’चा, ‘द ब्लू पीस : रीथिंकिंग मिडल ईस्ट वॉटर’. तो फेब्रुवारी २०११ मध्ये जिनिव्हात प्रसिद्ध झाला. मिशेलिन काल्मी-रे तेव्हा स्वित्झर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष होत्या आणि परराष्ट्रमंत्रीही. त्यांनी या कामाला मनापासून पाठबळ दिलं. पैसा स्विस आणि स्वीडिश सरकारांचा. लिहिणारी संस्था संदीप वासलेकर आणि इल्मास फतेहअली यांनी २००२ मध्ये मुंबईत उभी केलेली. वासलेकरांना मराठी वाचक ओळखतो तो ‘एका दिशेचा शोध’ या पुस्तकामुळे. त्यांच्या संस्थेचं इंग्रजी काम मात्र मराठीत फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही. ते वाचायला हवं, आणि नाशकात तर जरा जास्तच. २०२४ च्या सुरुवातीला हूती बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे इथल्या द्राक्षांचे कंटेनर तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेले, तेव्हा निफाडच्या बागायतदाराला येमेनचा नकाशा कुणी समजावून द्यावा लागला नाही.

अहवालाचं रसग्रहण कशाला, असं कुणी विचारील. रसग्रहण करायचं ते अभंगाचं, कवितेचं, फार तर चांगल्या आत्मचरित्राचं. अहवाल वाचायचा तो शिफारशींपुरता, आणि सरकारी असेल तर तेवढाही नाही. पण काही अहवाल रचलेले असतात. कुठली गोष्ट आधी सांगायची, कुठली नंतर, कुणाचं नाव कुठे घ्यायचं आणि कुठे मुकाट्यानं पुढे जायचं, याचा त्यात विचार केलेला असतो. ‘ब्लू पीस’ त्या जातीचा आहे. भाषा त्याची साधी, किंबहुना कोरडी. अलंकार शोधणाऱ्याचा विरस होईल. त्याचं कसब मांडणीत आहे.

पहिली गोष्ट नावांची. इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान या पाच देशांनी मिळून पाण्यासाठी एक सहकार्य परिषद स्थापन करावी, ही अहवालाची मुख्य सूचना. नावं इंग्रजी वर्णानुक्रमानं. त्यामुळे ज्याच्या डोंगरांत युफ्रेटिस आणि टायग्रिस उगम पावतात, ज्याच्या हातात नळाची चावी आहे, तो तुर्कस्तान रांगेत शेवटी उभा राहतो; ज्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, तो इराक पहिला. ही चाल फार जुनी आहे आणि राजनयात रोजची आहे, हे खरं. तरी ती इथे शोभते, कारण अहवालात पुढेही कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही.

आणि आरोपी करायचेच असते तर सामग्री थोडी नव्हती. १९८७ मध्ये तुर्कस्ताननं सीरियाला शब्द दिला की सरहद्दीवर युफ्रेटिसमध्ये सरासरी सेकंदाला ५०० घनमीटर पाणी सोडू. आपल्या भाषेत साडेसतरा हजार क्युसेकपेक्षा थोडा जास्त विसर्ग. तीनच वर्षांनी, जानेवारी १९९० मध्ये, अतातुर्क धरण भरायचं म्हणून तुर्कस्ताननं नदी जवळजवळ महिनाभर अडवली. खाली सीरिया आणि इराक दोघंही खवळले. तिकडे जॉर्डनच्या खोऱ्यात इस्रायलनं १९६४ मध्ये राष्ट्रीय जलवाहिनी सुरू करून किनेरेत सरोवरातलं पाणी उचललं, जॉर्डननं यार्मूकचं पाणी कालव्यात वळवलं, सीरियानं त्याच यार्मूकच्या वर धरणांची माळ घातली. प्रत्येकानं आपापल्या जागी बसून नदी अडवली आणि खालच्याकडे बोट दाखवलं. हा सगळा इतिहास लिहिणाऱ्याच्या टेबलावर होता. त्यावर आवेशानं लिहिता आलं असतं, आणि एका बाजूचा वाचक हमखास मिळाला असता.

अहवाल त्याऐवजी नदीचं वजन करतो. पन्नास वर्षांत या प्रदेशातल्या नद्या निम्म्यापासून ९० टक्क्यांपर्यंत आटल्या. मृत समुद्राची पातळी १९६० च्या दशकात समुद्रसपाटीखाली ३९० मीटर होती, ती ४२० वर गेली, आणि असंच चाललं तर २०४० मध्ये ४५० होईल. एवढं सांगून तो गप्प बसतो. कुणामुळे आटली, हे विचारत नाही. आटलेली नदी मात्र सगळ्यांपुढे ठेवतो. या गप्प बसण्याला कुणी बोटचेपेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. इस्रायल, पॅलेस्टिनी प्रदेश, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, इराक आणि तुर्कस्तान इथल्या शंभरच्या आसपास नेत्यांशी आणि जाणकारांशी बोलून हे लिहिलेलं आहे. त्यातल्या कित्येकांना एका खोलीत बसणंही मुश्कील. त्या सगळ्यांनी एकच पान वाचून ‘यातलं खोटं काही नाही’ असं म्हणावं, ही या लेखनाची अट होती. निःपक्ष राहायचं म्हणजे मत ठेवायचं नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. इथे मत आहे, ठाम आहे. फक्त ते दोषाबद्दल नसून सोयीबद्दल आहे.

दुसरं कसब वर्तुळांचं. अहवालानं सातही जणांना एका टेबलाशी बसवलेलं नाही. पाच देशांचं एक वर्तुळ उत्तरेचं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण यांचं दुसरं, वेगळं. तिथे परिषद वगैरे नाही, नुसतं परस्परविश्वास वाढवायचं काम, तेही सरकारप्रमुखांच्या पातळीवर. ज्याला नाटकाची रचना कळते त्याला यातली गंमत कळेल. पहिल्याच अंकात सगळी पात्रं रंगमंचावर आणली असती तर भांडण होऊन पडदा पडला असता. सीरिया आणि इस्रायल यांच्यामधल्या सरोवराबद्दलही एक सूचना आहे: किनेरेत म्हणा की तबरिया म्हणा, हे सरोवर साऱ्या प्रदेशाची सामाईक ठेव मानावं आणि ते दोघांनी मिळून राखावं. गोलान टेकड्या १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असताना ही सूचना करायला धाडस लागतं. की भाबडेपणा? दोन्ही थोडं थोडं असावं.

भाबडेपणाचा मुद्दा टाळता येत नाही, कारण इतिहासानं या अहवालाची फार क्रूर थट्टा केली. तो जिनिव्हात प्रसिद्ध होत होता तेव्हा कैरोचा ताहरीर चौक माणसांनी भरलेला होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सीरिया आणि तुर्कस्तान यांच्या सीमेवर, ओरोंतिस नदीवर, दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी एका धरणाची कोनशिला बसवली होती. धरणाचं नाव मैत्री धरण. उत्तरेच्या वर्तुळाला जो काही पाया होता तो याच मैत्रीचा. मार्चमध्ये सीरिया पेटला. मैत्री राहिली नाही, धरणही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’नं मोसुलचं धरण काही दिवस ताब्यात घेतलं, तेव्हा पाण्यासाठी परिषद स्थापन करा म्हणणारं पुस्तक उघडून बघायची कुणाला फुरसत होती?

अहवाल फसला, असं म्हणून पुस्तक मिटता येईल. मी मिटलं नाही, त्याला कारण मधली एक ओळ. परिषदेनं काय काय करावं याची जी यादी आहे, तिच्यात हवामानबदल आहे, पाणी वाचवायचं तंत्र आहे, एकत्र प्रकल्प आहेत, आणि या सगळ्यांच्या गर्दीत एक अगदी नीरस काम आहे: नदीचा प्रवाह आणि पाण्याचा दर्जा मोजायची पद्धत सगळ्या देशांत एकसारखी करावी. वाचणारा सहज ओलांडून जाईल. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाला यात काही चमकदार दिसणार नाही. पण नाशिकच्या वाचकाचा पाय नेमका इथे अडतो.

आपल्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी वार्ता गावभर होते. सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही हे त्यावरून ठरवतो. गंगापूरच्या सांडव्यावरून किती क्युसेक सुटले याबद्दल दोन माणसं वाद घालतील. मारुतीच्या कमरेबद्दल कुणी वाद घालत नाही. तोंडं दोन, पण माप एकच, आणि ते दोन्ही काठांवरून दिसतं. त्याला खात्याची सही लागत नाही.

असं माप पुराच्या पाण्याला आहे, टंचाईच्या पाण्याला नाही. नाशिक आणि मराठवाड्याचं भांडण बघा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. ते गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात कसं लावायचं हे मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये सांगितलं. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाचा आदेश निघाला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत, म्हणजे पैठणच्या नाथसागरात, उपयुक्त साठा ६५ टक्के नसेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं हे तत्त्व उचलून धरलं. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडायचा हुकूम निघाला, २०१८ मध्ये ८.९९, २०२३ मध्ये ८.६. कायदा झाला, समिती झाली, आदेश झाला, निकाल झाला. तरी ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता धरणावर पोलीस बंदोबस्त लागतो, इकडे रास्ता रोको आणि तिकडे रास्ता रोको. याच गोष्टीवर पुढे पुन्हा समिती बसली, आणि ६५ चे ५८ टक्के करावेत अशी मांदाडे समितीची शिफारस चर्चेत आली.

हे सगळं एका राज्यात. एकच मुख्यमंत्री, एकच जलसंपदा खातं, एकच भाषा, एकच विठोबा. ‘ब्लू पीस’चा सारा भरवसा सरकारप्रमुखांवर आहे, ते एकत्र बसले की उरलेलं होईल, असं त्याला मनातून वाटतं. गोदावरी सांगते की तसं होत नाही. इथे सरकारप्रमुख एकत्र बसवायची गरजच नाही, तो मुळात एकच आहे. भांडण उरतं ते मापाचं. दारणा धरणातून सोडलेलं पाणी नांदूर-मधमेश्वर बंधाऱ्यापर्यंत किती पोचलं, तिथून पैठणला किती, वाटेत किती मुरलं, किती मोटारींनी उचललं, वहनव्यय किती धरायचा? नाशिकचा आकडा एक, मराठवाड्याचा दुसरा. वरचा म्हणतो, निम्मं वाटेतच जिरतं, उगाच कशाला सोडता? खालचा म्हणतो, तुम्हीच उचलता आणि जिरलं म्हणता. दोघांनाही मोजणाऱ्याचा भरवसा नाही, कारण मोजणारा आणि सोडणारा एकाच खात्याचा.

म्हणून ती नीरस ओळ मला या अहवालाचं मर्म वाटते. वाटा ठरवायच्या आधी माप ठरलं पाहिजे, आणि माप घेणारा दोघांचा असला पाहिजे. अहवालानं ती ओळ यादीत मध्येच कुठेतरी टाकली. मी संपादक असतो तर ती पहिली घेतली असती आणि परिषद, शिखर बैठका वगैरे तिच्या पाठीमागे.

अहवालात आणखी एक उणीव आहे, ती अशा संस्थांच्या लेखनात नेहमीच असते. त्यात माणसं नाहीत. नेते आहेत, मंत्री आहेत, जलतज्ज्ञ आहेत. जॉर्डनच्या खोऱ्यात टोमॅटो लावणारा शेतकरी, दमास्कसच्या बरादा नदीकाठचा रहिवासी, टँकरची वाट बघणारी गाझातली बाई, यांचं एकही वाक्य नाही. शंभर जाणकारांचं एकमत झालं तरी ती बाई त्यात येत नाही. २००९ चा याच संस्थेचा ‘मध्यपूर्वेतील संघर्षाची किंमत’ हा अहवाल तर आणखी उंचावरून बोलतो: १९९१ ते २०१० या काळात संघर्षामुळे या प्रदेशानं १२ लाख कोटी डॉलर गमावले. आकडा जगभर गाजला. मला तो वाचून काहीच झालं नाही. एवढी मोठी रक्कम कुणाच्याच खिशातली वाटत नाही. मृत समुद्राची तीस मीटर खाली गेलेली पातळी मात्र डोळ्यांपुढे उभी राहते. पाण्याकडे वळल्यावर या संस्थेच्या लेखनाला जमीन सापडली, असं माझं मत आहे.

पुढची पायरी त्यांनी २०१३ मध्ये गाठली. १४८ देशांतली २०५ सामाईक नदीखोरी घेऊन त्यांनी पाणी-सहकार्याचा निर्देशांक काढला आणि एक धीट विधान केलं: जे दोन देश पाण्याबाबत सक्रिय सहकार्य करतात ते एकमेकांशी युद्ध करत नाहीत. आपल्याकडच्या वाचकाच्या तोंडावर लगेच सिंधू करार येतो. १९६० मध्ये करार झाला, त्यानंतर १९६५, १९७१, १९९९ ची युद्धं. आणि २३ एप्रिल २०२५ रोजी भारतानं तो करारच स्थगित ठेवला. यावर संस्थेकडे उत्तर आहे ते ‘सक्रिय’ या अटीत. नद्या वाटून घेणं म्हणजे सहकार्य नव्हे; तीन तुझ्या, तीन माझ्या असं म्हणून दोन भाऊ भिंत घालून वेगळे राहिले, तर त्यांना एकत्र कुटुंब कुणी म्हणत नाही. एकत्र धरणं, एकत्र मोजणी, चालता-बोलता आयोग, हे असेल तर सहकार्य. उत्तर पटण्यासारखं आहे, पण त्यात एक पळवाटही आहे: जिथे युद्ध झालं तिथे सहकार्य पुरेसं सक्रिय नव्हतं, असं नंतर केव्हाही म्हणता येतं. कार्यकारण उलटंही असू शकेल. ज्यांचं मुळातच जमतं तेच एकत्र धरण बांधत असतील.

या मालिकेतलं सगळ्यात चांगलं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतलं आहे. माली, मॉरितानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये सेनेगल नदीसाठी एक सामाईक संस्था काढली. गिनी २००६ मध्ये आला. मनंताली धरण मालीच्या भूमीवर आहे, पण मालकी एकट्या मालीची नाही. कर्ज एकत्र, फायदा वाटलेला: विजेत मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरितानियाला १५. सगळ्यांत खाली असलेल्या डियामा बंधाऱ्यावरही सगळ्यांची मालकी. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरितानिया यांच्यात नदीकाठच्या जमिनीवरून रक्तपात झाला, हजारो लोक देशोधडीला लागले, हे विसरून चालणार नाही, आणि संस्थेच्या गुळगुळीत निष्कर्षात ते नीट बसत नाही. पण नदीची संस्था त्यातूनही टिकली.

मध्यपूर्वेतही हळूहळू काही हलतं आहे. मार्च २०२३ मध्ये इराक संयुक्त राष्ट्रांच्या जलकरारात सामील झाला, त्या भागातला पहिला देश. एप्रिल २०२४ मध्ये एर्दोआन बगदादला गेले तेव्हा तुर्कस्तान आणि इराक यांच्यात पाण्याबद्दल दहा वर्षांचा चौकट-करार झाला. याचं श्रेय मुंबईच्या एका अभ्याससंस्थेला देणं हास्यास्पद ठरेल, आणि तिनं ते घेऊही नये. पण वर्णानुक्रमात पहिल्या आणि शेवटच्या देशांनीच आधी हात मिळवले, हे अहवाल वाचलेल्याच्या नजरेतून सुटत नाही.

गोदावरीसाठी असा अहवाल कुणी लिहायचा, हा प्रश्न मग उरतोच. खात्यातल्या अभियंत्यांनी लिहिला तर मराठवाडा म्हणणार नाशिकचा, किंवा नाशिक म्हणणार मराठवाड्याचा. दोन्ही होऊन गेलं आहे. स्विस आणि स्वीडिश पैशाला युफ्रेटिसच्या एका थेंबातही वाटा नव्हता, म्हणून तो चालला. आपल्या खोऱ्यात असा बिनवाट्याचा पैसा आणि बिनवाट्याचा माणूस शोधावा लागेल. तोवर एक छोटी गोष्ट करता येईल आणि तिला अहवालही लागत नाही. गंगापूर आणि दारणेच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला पैठण तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांना बोलवायचं, आणि पाणी सोडल्यावर नांदूर-मधमेश्वरच्या मोजपट्टीवर नाशिकच्या दोघांनी आणि पैठणच्या दोघांनी शेजारी उभं राहून आकडा लिहून घ्यायचा. एका वहीत, चौघांच्या सह्यांनी.